पावतीवरचे दोन आकडे

सकाळचे साडेदहा वाजलेत आणि एप्रिलचं ऊन आत्ताच भाजून काढतंय. कोल्हापुरातून महामार्गाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पेट्रोल पंपाच्या कुंपणाला लागून एक पांढरी व्हॅन उभी आहे. मागचं दार वर उचललेलं. आत संगणक, प्रिंटर, एक खोकं आणि खोक्यातून बाहेर आलेली लांब काळी नळी. दारावर लाल अक्षरांत 'पीयूसी', म्हणजे गाडीच्या धुराची तपासणी. व्हॅनच्या सावलीत प्लास्टिकची खुर्ची आहे, पण नळी हाताळणाऱ्या पोराला बसायला फुरसत नाही.

रांग पंपाबाहेर रस्त्यावर आलेली. पुढं दुचाक्या, मागं गाड्या. दोन बुलेट, कॉलेजच्या पोरांच्या मोटारसायकली, मागच्या काचेवर 'चांगभलं' लिहिलेली जुनी मारुती 800, माणसं भरून नेणारी वडापची जीप, एक वॅगन आर. तिच्यामागं रुपेरी रंगाची छोटी पेट्रोल मोटार, 2011 सालची. स्टिअरिंगवर निवृत्त गुरुजी. पांढरा शर्ट पाठीला चिकटलाय. मांडीवर प्लास्टिकच्या फायलीत आरसी, विमा, जुन्या पावत्या. माझी गाडी त्यांच्यामागं.

ऊन वाढतं तशी माणसं इंजिन बंद करतात. रांग हात-दोन हात सरकली की दार उघडून, एक पाय जमिनीवर टेकून गाडी पुढं ढकलतात. पेट्रोल वाचतं, इंजिनही तापत नाही. व्हॅनवाला पोरगा लांबून ओरडतो, "मालक, गाड्या चालू ठेवा! गार गाडी नळीला लावायची न्हाई. नापास होतीया."

त्याचं खरं आहे. पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेत एक जाळी असते. गॅरेजमध्ये तिला कॅट म्हणतात. बारीक छिद्रांच्या त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचा पातळ लेप असतो आणि विषारी वायूंचं रूपांतर तिथं होतं. पण जाळी साधारण तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय कामाला लागत नाही. घरातून काढून पाच मिनिटांत रांगेत आणलेली, वर बंद करून ठेवलेली गाडी चांगली असूनही नापास होऊ शकते. दोन-तीन गाड्यांची इंजिनं पुन्हा सुरू होतात. गुरुजीही किल्ली फिरवतात.

मारुती 800 चा नंबर येतो. गाडी 1998 ची, कार्ब्युरेटरची. पोरगा नळी सायलेन्सरमध्ये फूटभर आत सारतो. मग मोबाईल उंच धरून नंबर प्लेटचा फोटो काढतो. संगणकावर आकडे हलायला लागतात. आधी भरभर वर, मग हळूहळू एका जागी. कार्बन मोनॉक्साइड 2.1 टक्के. प्रिंटर करकरतो. पास. 125 रुपये. पावतीची घडी होते, खिशात जाते, गाडी निघते.

जीप पुढं येते. ती डिझेलची, तिची तपासणी वेगळी. ड्रायव्हर उभ्या गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर एका दमात तळापर्यंत दाबतो. इंजिन किंचाळतं. मागून काळा लोट निघतो आणि रांगेतल्या सगळ्यांचे रुमाल नाकाला लागतात. पुन्हा दाबतो, पुन्हा लोट. यंत्र धुराचा काळेपणा मोजतं. या वयाच्या डिझेल गाडीला मर्यादा 65 ची. आकडा येतो 58. पास. नियमात बसतं, त्यात वाद नाही. पण या जीपच्या मागच्या बाकावर रोज माणसं पाय बाहेर सोडून बसतात, आणि हा धूर आधी त्यांच्या छातीत जातो. डिझेल फिल्टर आणि नोझलचं काम करून घेतलं तर हा आकडा खाली येऊ शकतो. ड्रायव्हर 150 रुपये देतो, पावती सूर्यपट्टीत खोचतो.

वॅगन आर पार पडते आणि गुरुजींची गाडी नळीपाशी लागते. इंजिनाचा आवाज मऊ आहे. धुराचा मागमूस नाही. गुरुजी खाली उतरून संगणकासमोर उभे राहतात. कार्बन मोनॉक्साइड 0.71. हायड्रोकार्बन 390. पोरगा दोनदा बघतो. नळी काढतो, पुन्हा घालतो. 0.70.

"नापास हाय, गुरुजी."

"अरे, धूर कुठाय?"

"धूर न्हाई, पण गॅस हाय."

"आणि ती मघाची मारुती? तिचा दोन पॉइंट एक होता. ती पास कशी?"

रांगेतल्या चार जणांची मान वळते. सगळ्यांनाच हे विचारायचं असतं. पोरगा उत्तर पाठ असल्यासारखं सांगतो. ज्या वर्षाची गाडी, त्या वर्षाचा नियम. भारत स्टेज दोनच्या आधीच्या पेट्रोल चारचाकीला 3 टक्क्यांपर्यंत मुभा आहे. स्टेज दोन आणि तीनच्या गाडीला मर्यादा 0.5 टक्क्यांची, आणि हायड्रोकार्बनला 750. त्यापुढची, स्टेज चारची, तर 0.3 वरच अडकते. गुरुजींची गाडी स्टेज तीनची. 2010 साली मुंबई, पुणे, सोलापूर अशा तेरा शहरांत स्टेज चार आलं, तेव्हा कोल्हापूर त्या यादीत नव्हतं. इथं 2011 मध्ये घेतलेली गाडी बहुधा स्टेज तीनचीच असते.

धूर दिसत नाही म्हणून गाडी स्वच्छ, ही समजूत फार पक्की आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रांगेत उभ्या असलेल्या माणसाला तो कळत नाही. यंत्राला कळतो.

गुरुजी घाम पुसतात. पोरगा आवाज खाली आणतो. "आत्ता सारखी रेस देऊन बघू काय? एखाद्या वेळी बसतं." गुरुजी मान हलवतात. "नको. का झालंय ते बघू आधी." मला त्यांचं हे वाक्य आवडतं. नापासाचा कागद घेऊन आम्ही दोघंही उद्यमनगरकडं वळतो. माझ्या गाडीचा एअर फिल्टर तसाही बदलायचाच आहे.

शिवाजी उद्यमनगरची गल्ली. दोन्ही बाजूंना लेथ, वेल्डिंग, नटबोल्टची दुकानं. ऑईल इंजिनांनी नाव काढलेल्या या भागात लोखंडाचा वास हवेतच असतो. कुठंतरी ग्राइंडर लागतो आणि ठिणग्या उंबऱ्यापर्यंत येतात. गॅरेजचं शटर अर्धं खाली ओढलंय, ऊन आत येऊ नये म्हणून. आत एक गाडी जॅकवर. जमिनीवर ऑईलचे काळे डाग, त्यावर टाकलेला लाकडाचा भुसा. भिंतीवर पान्यांची ओळ, लहानापासून मोठ्यापर्यंत. रेडिओवर जुनं गाणं लागलंय.

मिस्त्री कागद हातात घेतात. चष्मा कपाळावरून नाकावर आणतात. पोराला हाक मारतात, "बॉनेट उघड रे."

पहिल्यांदा एअर फिल्टर निघतो. घड्यांच्या कागदात धूळ, वाळलेला पाला, एक मेलेला किडा. उजेडासमोर धरला तर पलीकडचं काही दिसत नाही. हवा कमी पोचली की पेट्रोलचं प्रमाण वाढतं. कार्ब्युरेटरच्या गाडीत हे फार जाणवतं. इंजेक्शनच्या गाडीत संगणक बरंचसं सांभाळून घेतो. "हे बदलायचंच," मिस्त्री म्हणतात, "पण एवढ्यानं 0.7 होत न्हाई."

मग प्लग. चारही प्लग एका फडक्यावर ओळीनं मांडले जातात. मिस्त्री वाकून बघतात, मीही वाकतो. टोकाची पांढरी चिनीमाती बिस्किटासारख्या तपकिरी रंगाची असावी लागते. या चारही प्लगवर कोरडी काळी काजळी आहे. बोट लावलं तर बोटाला उमटते. तेलकट ओलसर असती तर इंजिनाच्या रिंगांचं नाहीतर व्हॉल्व्ह सीलचं काम निघालं असतं, आणि मागून निळसर धूर दिसला असता. कोरडी काजळी एवढंच सांगते, की पेट्रोल जास्त पडतंय.

"जास्त का पडतंय?" गुरुजी विचारतात. वर्गात विचारत असतील तसेच.

मिस्त्री स्टिअरिंगखाली हात घालून स्कॅनरची पिन लावतात. गाडी सुरू होते. पडद्यावर आकड्यांची ओळ. मिस्त्रींचं बोट एकाच ओळीवर थांबतं. इंजिनाचं तापमान. 54. पाच मिनिटं जातात. 58. चहावाला येतो, काचेच्या ग्लासात अर्धा अर्धा चहा ओततो. चहा संपतो. 61. त्यापुढं आकडा चढत नाही.

मिस्त्री हसतात. सापडलं.

रेडिएटरच्या वरच्या पायपाला ते हात लावतात. इंजिन अजून 61 वरच आहे, हा पाईप एवढ्यात कोमट व्हायला नको होता. दोन बोल्ट सुटतात, एक छोटं झाकण निघतं, थोडं पाणी सांडतं. झाकणाखालची जागा रिकामी. तिथं थर्मोस्टॅट असायला हवा. तळहातात मावेल एवढी पितळी वस्तू, आत मेण भरलेलं. इंजिन गार असताना ती पाण्याची वाट बंद ठेवते. ऐंशी-पंच्याऐंशी अंशांना मेण फुगतं आणि वाट उघडते. कुठल्यातरी उन्हाळ्यात गाडी गरम झाली असेल आणि कुठल्यातरी गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट काढून फेकला असेल. गाडी गरम व्हायची थांबली. सगळे खूश.

पण इंजिन कायम गारच राहिलं. गाडीतल्या संगणकाला वाटतं, आत्ताच सकाळ झालीय, इंजिन अजून तापायचंय. तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. अ‍ॅव्हरेज पडतं. प्लग काळे होतात. ऑईलमध्ये पेट्रोल उतरतं. आणि सायलेन्सरच्या तोंडाशी 0.71 येतो. आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत हा दोष किती आहे याची मोजदाद कुणी ठेवलेली माझ्या पाहण्यात नाही, पण मिस्त्रींच्या कोपऱ्यातल्या डब्यात नवे थर्मोस्टॅट तयार ठेवलेले असतात, यावरून काय ते समजावं.

भाग काही शेकड्यांत येतो. बसवायला अर्धा तास. पोरगा जुनं पाणी काढतो. ते गंजून चहाच्या रंगाचं झालंय. नवं हिरवं कूलंट भरतात. हवा निघेपर्यंत बुडबुडे फुटत राहतात. प्लग नवे. फिल्टर नवा. थ्रॉटल बॉडीच्या तोंडावरची काळी साय फडक्यानं पुसली जाते. पेट्रोलच्या रबरी नळ्या मिस्त्री बोटांत धरून दाबतात, वाकवतात, भेगा बघतात. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. 2023 च्या आधीच्या बहुतेक गाड्यांचं रबर त्या हिशेबानं बनवलेलं नाही. एका नळीला टोकाशी बारीक चिरा दिसतात. ती बदलतात.

मग पोरगा गाडीखाली सरकतो आणि चिंधीनं सायलेन्सरचं तोंड क्षणभर दाबून धरतो. मधे कुठं फुसफुस ऐकू येते का? जाळीच्या आधी, सेन्सरजवळ एखादं भोक पडलं असेल तर बाहेरची हवा आत शिरते. सेन्सर फसतो, पेट्रोल कमी पडतंय असं कळवतो आणि संगणक आणखी पेट्रोल देतो. या गाडीला भोक नाही. जॅकवरच्या गाडीला आहे. तिच्यासाठी शेजारच्या वेल्डिंगवाल्याला हाक गेलीय.

त्या गाडीचा मालक दारात उभा आहे. तरुण पोरगा. "मिस्त्री, जाळीच काढून टाका की. पिकअप वाढतो म्हणतात."

मिस्त्री पाना खाली ठेवतात. "काढणारे लई हायत. मी काढत न्हाई."

एवढंच बोलतात आणि पुन्हा कामाला लागतात. मला मात्र या गल्लीत उभं राहून मोठ्यानं सांगावंसं वाटतं. जाळी काढलेली गाडी शहराच्या हवेत कितीतरी पट विष सोडते, आणि ते विष सगळ्यांत आधी रस्त्यावरच्या भाजीवालीच्या, ट्रॅफिक पोलिसाच्या, शाळेच्या रिक्षातल्या पोरांच्या नाकात जातं. जाळी खराब होते तीही बहुधा आपल्याच दुर्लक्षानं. प्लग मिसिंग मारत असतो, न जळलेलं पेट्रोल जाळीवर जाऊन पेटतं आणि जाळी वितळते. प्लग शेकड्यांत मिळतो. जाळी हजारांत.

स्कॅनरवर आता 70. 79. 86. पंखा एकदा घरघरतो आणि बंद होतो. 89 वर आकडा स्थिर. गुरुजी पडद्याकडं बघत उभे. काही बोलत नाहीत.

दुपारी पुन्हा व्हॅन. रांग आता छोटी आहे, ऊन मोठं. डांबर मऊ झालंय. या खेपेला गुरुजी चाकांत हवा भरून, बायपासला एक चक्कर मारून आलेत. इंजिन चालूच आहे. नळी आत जाते. आकडे वर जातात, खाली येतात. कार्बन मोनॉक्साइड 0.12. हायड्रोकार्बन 85.

"झकास, गुरुजी!" पोरगा पावती फाडून देतो. मुदत सहा महिन्यांची. स्टेज चार आणि त्यापुढच्या गाडीला वर्षाची मिळते, या गाडीला नाही. पावती जवळ नसेल तर दंड दहा हजारांपर्यंत जाऊ शकतो.

गुरुजी फाईल उघडतात आणि जुन्या पावत्या बॉनेटवर पसरतात. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर किल्ली ठेवतात. मी आकडे वाचतो. 0.14. 0.15. मग एकदम 0.38. मग 0.44. मग 0.47. सगळ्या पावत्या पास. ज्या सहा महिन्यांत थर्मोस्टॅट गेला, ते सहा महिने इथं लिहिलेले आहेत. गुरुजी 0.38 वर बोट ठेवतात. "हे तेव्हाच बघायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी आरटीओचं पासिंगचं मैदान, गुरुजींच्या गाडीच्या फेरनोंदणीसाठी. शहराबाहेर, उघड्यावर. एका कडेला कडुनिंबाची दोन झाडं आणि सगळी गर्दी त्या दोन झाडांखाली. टेम्पो, रिक्षा, स्कूल बस, मालाची पिकअप. त्यांना फिटनेस लागतो, आठ वर्षांपुढं दरवर्षी. खासगी गाड्या एका बाजूला. त्यांची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढं पाच-पाच वर्षांनी वाढवायची. मुदत संपण्याआधीच्या साठ दिवसांत अर्ज करता येतो. उशीर झाला तर मोटारीला महिन्याला 500 रुपये जादा बसतात. झेरॉक्सच्या टपरीवर झुंबड आहे. उसाच्या रसाचा चरक घुंगरं वाजवत फिरतोय. एजंटांच्या काखेत फायलींचे गठ्ठे.

फीचा आकडा इथं सगळ्यांच्या तोंडी आहे. मोटारीच्या फेरनोंदणीला 2022 च्या एप्रिलपर्यंत 600 रुपये लागत. आता 5,000. वीस वर्षांपुढच्या गाडीला 2025 पासून 10,000. शिवाय पर्यावरण कर. "गाडीची किंमत तरी तेवढी राहिली काय?" एक जण विचारतो. झाडाखाली कुणी उत्तर देत नाही.

एक मुलगा गुरुजींच्या गाडीचं बॉनेट उघडतो, इंजिनामागच्या पत्र्यावरचा चेसिस नंबर फडक्यानं पुसतो, त्यावर कागद धरून पेन्सिल घासतो. अक्षरं एकेक करून उमटत जातात. मग वाट बघणं. तास जातो. लोखंड तापलंय, दाराच्या हँडलला हात लावता येत नाही.

आरटीओचे साहेब येतात. हातात टॅब. नव्या पद्धतीची नंबर प्लेट बघतात. 2019 च्या एप्रिलआधीच्या गाड्यांनाही ती आता लागते. चेसिस नंबर ताडून घेतात. हेडलाइट. इंडिकेटर, डावा, उजवा. वायपर. हॉर्न. ब्रेक दिवा. टायरच्या नक्षीत बोट घालून बघतात. सीट बेल्ट ओढून बघतात. पीयूसीची पावती मागतात, तारीख बघतात, परत देतात. आकडे कुणी बघत नाही. पास की नापास, एवढ्यावर काम भागतं. गुरुजींच्या गाडीला पाच मिनिटंही लागत नाहीत.

शेजारची गाडी मात्र अडकते. एक इंडिकेटर लागत नाही. मालक बल्ब शोधत टपरीकडं धावतो.

गुरुजी फाईल बंद करतात. पाच वर्षं मिळाली. या पाच वर्षांत पीयूसीच्या दहा पावत्या निघतील. तुमच्याकडंही जुनी गाडी असेल तर पावती घडी घालून खिशात टाकण्याआधी तिच्यावरचे दोन आकडे वाचा आणि मागच्या पावतीशी ताडून बघा. पास असूनही आकडा वाढलेला दिसला तर त्याच आठवड्यात मिस्त्री गाठा आणि विचारा, इंजिन किती अंशांवर चालतंय.